थापटण्याची कसोटी

आपल्या देशात घटाइतकी चर्चा दुसऱ्या कोणत्याही वस्तूची झाली नसेल. नैयायिकांनी कार्यकारणभाव शिकवायला घट हाती घेतला. माती हे उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण, असा पाठ पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेला. छांदोग्य उपनिषदात बापाने श्वेतकेतूला मातीच्या एका गोळ्यावरून साऱ्या मृण्मय वस्तूंचे ज्ञान कसे होते ते समजावले. घटाकाश आणि महाकाश एकच, हे पटवून देण्यासाठी वेदान्त्यांनी तो घट फोडूनही दाखवला. या साऱ्या उठाठेवीला मराठी माणसाने 'घटपटाची खटपट' असे नाव ठेवले आणि तो आपल्या कामाला लागला. पुढे १९६१ साली 'प्रपंच' या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी एक गीत लिहिले, त्यात विठ्ठलालाच कुंभार केले, आणि सुधीर फडक्यांच्या आवाजात ते घरोघरी पोचले. पण तिथेही चाकावर बसलेला आहे तो देव, आणि मडके म्हणजे माणूस. मडके म्हणजे मडके, असे कोणीच म्हणत नाही.

या घटाचे पोट कसे आहे, गळ्याशी येताना ते कोठे आवरते घेतले आहे, काठ जाड आहे की पातळ, उचलताना हाताला किती भार वाटतो, हे प्रश्न आपल्या टीकेने फारसे विचारलेले नाहीत. चित्रांवर लिहिणारे मराठीत झाले, शिल्पांवर झाले, लेण्यांवर तर झालेच. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडून सौंदर्याचा विचार काटेकोर केला. मातीच्या भांड्याला मात्र यांपैकी कोणाच्या ओसरीवर जागा मिळाली नाही. ते आपले स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिवईवर, मुकाट्याने पाणी गार करीत बसले.

ही उणीव मला जाणवली ती एका वर्गात. गेल्या वर्षी पुण्यात मी मातीकामाच्या वर्गात नाव घातले. निम्मे दिवस चाकावर भांडी काढायची आणि निम्मे दिवस हाताने मूर्ती घडवायच्या, अशी त्या नवशिक्यांच्या वर्गाची आखणी होती. आम्ही आठजण होतो. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, कॉलेजातल्या दोन मुली होत्या, आणि एक दंतवैद्य होते, त्यांचा हात साहजिकच आम्हा सर्वांपेक्षा हलका होता. चार दिवस चाकावर बसून कोणी कुंभार होत नाही, आणि तिथला दिनक्रम सांगत बसण्याचा माझा विचारही नाही. पण वस्तू पारखण्याची एक रीत त्या वर्गात हाताला लागली. ती टीकाकाराच्या कामाची आहे, आणि बाजारात जाणाऱ्या गृहिणीच्या तर त्याहूनही कामाची आहे, असे मला वाटते; म्हणून हा लेखनप्रपंच.

*

पहिल्या दिवशी भांडे नाहीच. नुसती माती मळायची. घरी कणीक तिंबण्याची सवय असलेल्यांना हे काम सोपे वाटते. पण कणीक मऊ झाली की काम संपते, मातीचे तसे नाही. तिच्यातली हवा निघून गेली पाहिजे आणि ओलावा सर्वत्र सारखा झाला पाहिजे. आमच्या शिक्षिकाबाई मळलेला गोळा बारीक तारेने मधोमध कापीत आणि कापलेली बाजू आमच्यापुढे धरीत. तीत टाचणीच्या डोक्याएवढे जरी भोक दिसले, तरी पुन्हा मळणे.

मग गोळा चाकावर मध्यावर आणायचा. चाक फिरत असते, गोळा डगमगत असतो, आणि कोपर मांडीला टेकवून हात घट्ट धरायचा असतो. हात स्थिर राहिला तर गोळा हळूहळू शांत होतो; हात मातीबरोबर डोलू लागला की दोघेही वाहवत जातात. शांत झालेला गोळा फिरत असूनही फिरत नाही असे वाटते. आमच्या वर्गातले चाक विजेचे होते, त्यामुळे ते हवा तेवढा वेळ फिरे. गावाकडच्या कुंभाराला ही चैन नाही. त्याचे जड चाक काठीने गरगर फिरवून सोडून द्यायचे असते, आणि त्याचा वेग ओसरण्यापूर्वी हातातला आकार पुरा करायचा असतो. त्याच्या घागरीच्या रेषेत जो निःशंकपणा दिसतो त्यात या वेळेच्या टंचाईचाही वाटा आहे. ज्याला रेंगाळायला वेळच नाही त्याची रेषा रेंगाळत नाही.

गोळा मध्यावर आला की अंगठ्याने त्यात खळगा करायचा. मग एका हाताची बोटे आत आणि दुसऱ्याची बाहेर ठेवून भिंत वर चढवायची. या वेळी एक गोष्ट ध्यानात येते, ती केवळ पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. भांड्याचा जो आकार बाहेरून दिसतो तो मुख्यतः बाहेरच्या हाताने केलेला नसतो. पोट फुगते ते आतल्या बोटांनी ढकलल्यामुळे. बाहेरचा हात त्याला आवर घालतो, कोठे थांबायचे ते सांगतो. दगडाचे शिल्प बाहेरून आत जात जात घडते. भांडे आतून बाहेर येत येत घडते. आपण ज्याला भांड्याचा आकार म्हणतो तो खरे पाहता पोकळीचा आकार आहे, आणि माती ही त्या पोकळीची हद्द आहे. वेदान्त्यांना हे ठाऊक होते. पण त्यांना आकाशाकडे जायची घाई होती, म्हणून हद्दीशी ते थांबले नाहीत. टीकाकाराने तिथेच थांबायला हवे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा सर्वांचे पेले उभे चिरले. तारेचा एक झटका, आणि पेल्याचे दोन अर्धुक. ज्यांनी पेला घरी नेऊन दाखवण्याचे बेत केले होते त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. पण चिरलेल्या पेल्यांत जे दिसले ते त्याहून पाहण्यासारखे होते. सर्वांत देखणा म्हणून ज्याचे कौतुक चालले होते तो पेला तळाशी दोन बोटे जाड आणि कमरेशी पापडासारखा निघाला. एक बुटका, दिसायला ओबडधोबड पेला मात्र तळापासून काठापर्यंत एकाच जाडीने वर चढला होता.

"हा भाजला तर टिकेल," बाई म्हणाल्या, "तो सुकतानाच तडकेल."

कारण साधे आहे. ओल्या मातीपासून भाजलेल्या भांड्यापर्यंत येताना वस्तू दहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक आक्रसते. पातळ भाग आधी सुकतो आणि आक्रसतो, जाड भाग मागे राहतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत भिंत फाटते. म्हणजे जाडीतला हा असमतोल केवळ दिसण्याचा दोष नाही. तो वस्तूच्या आयुष्याचा प्रश्न आहे. कलाकृती आतून कशी आहे ते पाहण्याची इतकी सरळ रीत दुसऱ्या कोणत्याही कलेत असेल असे मला वाटत नाही. कवितेला अशी तार लावता आली असती तर मराठी टीकेचे पुष्कळ श्रम वाचले असते!

*

परंतु चिरणे ही नवशिक्याची टीका झाली. तिने सत्य कळते, पण भांडे जाते. जाणत्याची टीका वेगळी असते, आणि तिची गोष्ट आपल्याकडे सातशे वर्षे सांगितली जात आहे.

तेरच्या गोरोबा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने तिथे पडलेले एक लाकडी अवजार पाहिले आणि हे कशासाठी, म्हणून विचारले. गोरोबा म्हणाले, हे थापटणे; याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमची मडकीही तपासा की, असे म्हणताच गोरोबांनी खरोखरच एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र रागावले. आणि हेच मडके कच्चे, असा निर्णय गोरोबांनी दिला. नामदेव दुखावले, पण शेवटी विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले.

ही कथा आपण गुरुकृपेची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण टीकेविषयीही इतकी मार्मिक कथा मला दुसरी माहीत नाही. इथला टीकाकार सर्वांना एकच थापटणे लावतो. विठ्ठलाचा लाडका म्हणून कोणाला वेगळे माप नाही. टीका झाल्यावर नामदेव जे करतात ते तर आजही प्रत्येक लेखक करतो. पुढे ते जे करतात ते मात्र फारच थोडे करतात.

या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती मला मातीला हात लावल्यावरच उमगली. थापटणे हे मुळात तपासण्याचे अवजार नव्हेच. चाकावरून उतरवलेले मडके तळाशी जाड असते. ते जरा आवळले की कुंभार आतून आधार धरतो आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकत जातो. त्याने भिंत पातळ होते, पोट वाढते, माती दाबली जाऊन घट्ट होते आणि गोल बूड मिटते. आपल्या माठा-घागरींचा तो सुरेख गोलवा चाकावर अर्धाच होतो. उरलेला थापटण्याने होतो. म्हणजे ज्याने मडके घडते त्यानेच ते पारखले जाते. टीकेचे हत्यार घडवण्याच्या हत्याराहून वेगळे नाही, हे गोरोबांच्या गोष्टीचे मला सापडलेले मर्म. घडण कशी होते याची ज्याला जाण नाही त्याने केलेले थापटणे म्हणजे नुसता मार.

आपल्या आजीने या बाबतीत कोणाकडून धडे घेतले नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना ती तो एका हातावर तोलून बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारी. खणखणीत बोलला तर घ्यायचा. बद्द बोलला तर कोठेतरी चीर आहे, किंवा भाजणी अपुरी आहे. तिने भांडे चिरले नाही. पण चिरल्यावर जे कळले असते त्यातले पुष्कळसे आवाजावरून ओळखले.

या टिचकीच्या मागे भट्टीचे शास्त्र आहे. माती तापत गेली की साधारण सहाशे अंशांपर्यंत तिच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती पुन्हा कधी चिखल होत नाही. कुंभाराचा आवा सामान्यतः नऊशे अंशांच्या आगेमागे पोचतो. तेवढ्या आचेवर माती पक्की होते, पण तिच्यातली सूक्ष्म छिद्रे मिटत नाहीत. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्यावर उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ घामेजला पाहिजे. त्याचे पोट रुंद असते ते केवळ शोभेसाठी नव्हे. जितका पृष्ठभाग अधिक तितके घामेजणे अधिक. गळा आखूड आणि तोंड आवरते असते ते धूळ जाऊ नये, पाणी हिंदकळू नये म्हणून. मर्ढेकरांच्या परिभाषेत पोट आणि गळा यांच्यातली ही विरोधलय आहे. पण ती उपयोगातून उगवली आहे, वरून चिकटवलेली नाही.

आता लोणच्याची बरणी घ्या. तिची माती वेगळी, आच बाराशे अंशांच्या घरातली, आणि अंगावर काचेसारख्या चकाकीचा लेप. तिने घामेजता कामा नये. मीठ आणि आंबटपणा यांना तिने दाद देता कामा नये. माठ म्हणून बरणी वाईट, आणि बरणी म्हणून माठ वाईट. दोन्ही आपल्याच स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभी असतात. सौंदर्याचा एकच साचा करून त्यात दोघांना बसवू पाहणाऱ्या टीकाकाराने एकदा त्यांच्यासमोर उभे राहावे.

*

वर्गाचा दुसरा भाग मूर्तींचा. मराठी घराला ही कला अगदी परकी नाही. पोळ्याचे बैल, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, शाडूचा गणपती, यांत आपले बालपण गेले. पण भट्टीत जायच्या मूर्तीचा कायदा निराळा. बाईंनी आम्हाला एक बैल करायला सांगितला. तो झाला, वाळून जरा घट्ट झाला, आणि मग त्याचे पोट कापून आतली माती खरवडून काढायला लावली. जाड, भरीव मातीच्या पोटात ओल राहून गेली तर भट्टीत तिची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही तर बैल फुटतो. म्हणून आत पोकळी, आणि हवेसाठी एक बारीक भोक. पोळ्याच्या बैलाला आणि गणपतीला आगीतून जायचे नसते. ते मातीत आणि पाण्यात परतायचे असतात, म्हणून ते भरीव असले तरी चालते. ज्याला टिकायचे आहे त्याला आतून रिकामे व्हावे लागते.

इथे माझ्या मनातला एक गोंधळ दूर झाला. भांडे ही उपयुक्त कारागिरी आणि मूर्ती ही शुद्ध कला, अशी वाटणी आपण सरसकट करतो. मातीने ही वाटणी मानलेली नाही. भाजलेली मूर्ती म्हणजे तोंड मिटलेले भांडेच. चीनमध्ये शीआनजवळ १९७४ साली जे मातीचे सैन्य सापडले त्यातल्या सैनिकांची धडे पोकळ आहेत. बंगालमध्ये बांकुडा जिल्ह्यातल्या पांचमुडा गावचे कुंभार जो प्रसिद्ध घोडा करतात त्याचे पाय, मान, धड हे भाग चाकावर वेगवेगळे, पोकळ काढलेले असतात आणि मग जोडलेले असतात. त्या घोड्याची उंच मान आणि ताठ उभे कान पाहून आपण त्याला शैलीदार म्हणतो. ही शैली एखाद्या कलावंताच्या लहरीतून आलेली नाही. चाकावर नळकांडेच उत्तम निघते, आणि नळकांड्यातून घोडा करायचा तर तो असाच ताठ, असाच उंच मानेचा होणार. चाकाचा स्वभाव त्या घोड्याने लपवला नाही, मिरवला. म्हणून तो इतका ऐटदार दिसतो.

पिकासोने हेच ओळखले. १९४६ साली तो दक्षिण फ्रान्समधल्या वालोरिस गावी रामिए दांपत्याच्या मादुरा या कारखान्यात गेला आणि पुढल्या वर्षापासून तिथे मातीत काम करू लागला. चाकावर तो स्वतः बसत नसे. ज्यूल आगार हा तिथला कारागीर भांडी काढून देई. आगारने काढलेल्या ओल्या, बाटलीसारख्या भांड्याची कमर दाबून, मान मुरडून पिकासोने उभ्या स्त्रिया केल्या. भांड्यातला भरलेला श्वास तसाच ठेवून त्याने त्याला देह दिला. ताटांवर बैलझुंजी काढतानाही ताटाचा वर आलेला काठ त्याने प्रेक्षकांच्या रांगांसाठी वापरला. वस्तू काय म्हणते आहे ते त्याने आधी ऐकले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच मुंबईतले देता येईल. सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीकामाचा कारखाना निघाला, आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी तिथल्या भांड्यांवर उतरली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत. कौशल्य वादातीत, रंग आणि चकाकी देखणी. पण अजिंठ्याची आकृती सपाट भिंतीसाठी जन्मली होती. फुगीर पोटावर ती ओढून बसवली की ना धड भिंत उरते, ना धड भांडे. त्या सुरईवरची चित्रे पुसली तर सुरईपाशी स्वतःचे असे काय उरेल, हा प्रश्न मला पडतो. बांकुड्याच्या घोड्याबाबत तो पडत नाही.

आपल्या काळातले उजळ उदाहरण ज्योत्स्ना भट्ट यांचे. १९४० साली जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत आणि मग बडोद्याला शिक्षण घेतले, बडोद्यालाच अनेक वर्षे शिकवले, आणि २०२० साली त्या गेल्या. त्यांच्या मांजरी, बेडूक, घुबडे पाहा. तपशील जवळजवळ नाहीत. केस नाहीत, मिशा नाहीत. अंग चोरून बसलेल्या मांजरीची पाठ एकाच फुगवट्याने वर येते, आणि तो फुगवटा आतून आलेला आहे हे डोळ्यांनाही जाणवते. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो, ही मातीच्या मूर्तीला मिळालेली सर्वांत खरी पावती.

*

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. शहरात असे वर्ग पुष्कळ निघाले आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांची परंपराही मोठी आहे. सरदार गुरचरणसिंग १९१९ साली जपानला गेले, तिथे यानागी, हामादा आणि बर्नार्ड लीच यांच्या सहवासात आले, आणि पुढे त्यांनी दिल्लीत कारखाना काढून कितीतरी जणांना या कामाकडे वळवले. पाँडिचेरीला १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेले लोक आज देशभर काम करतात. निर्मला पटवर्धन यांनी आयुष्यभर चकाकीच्या रसायनाचा अभ्यास केला आणि आपले ज्ञान पुस्तकात खुले करून ठेवले.

पण या परंपरेबरोबर जपानातून एक कल्पनाही आली, ती वाटेत जराशी बिघडली. वाकडेपणात, अपुरेपणात सौंदर्य असते, ही ती कल्पना. आता वर्गातून बाहेर पडलेला कोणताही कलता पेला 'हाताने केलेला' म्हणून कौतुकाला पात्र ठरतो, आणि दुकानात त्याला कुंभाराच्या डझनभर मडक्यांची किंमत मिळते. यानागी यांनी ज्या वाडग्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला तो किझाएमोन नावाचा वाडगा क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या आवारात जपून ठेवलेला आहे. तो कोरियातला, यानागींच्या मते गरिबाच्या रोजच्या जेवणासाठी केलेला. त्याचा तोल किंचित गेलेला आहे, अंगावर चिरा आहेत, आणि तरी चहाचे जाणकार त्याच्यापुढे नतमस्तक होतात. परंतु तो वाकडा का आहे? ज्याच्या हाताखालून आयुष्यभर असे असंख्य वाडगे गेले, ज्याला सरळपणाचे अप्रूपच उरले नव्हते, अशा माणसाच्या हातून तो सहज तसा झाला. त्याचा वाकडेपणा सरळपणाच्या पलीकडचा आहे. आम्हा नवशिक्यांचा वाकडेपणा सरळपणाच्या अलीकडचा. दोन्ही वाडगे फडताळात शेजारी ठेवले तर डोळ्यांना कदाचित फसवतील. हातात घेतले की फसवत नाहीत. एकाचे वजन तळहातावर सारखे पसरते, दुसऱ्याचे एका बाजूला ओघळते.

यात कोणाला नाउमेद करण्याचा हेतू नाही. नवशिक्याने आपला पेला जरूर घरी न्यावा आणि त्यातून चहा प्यावा. त्याच्यासारखा गोड चहा नाही. पण त्या पेल्याला कला आणि कुंभाराच्या माठाला केवळ वस्तू म्हणायचे, ही दोन मापे मला मान्य नाहीत. शहरातल्या भांड्याला नाव विचारायचे, कुंभाराच्या भांड्याला भाव! थापटणे एकच हवे, आणि ते दोघांनाही लागले पाहिजे. कुंभारालाही, कारण तोही चुकतो. गिऱ्हाईक रंगाला भुलते म्हणून आज माठावर तैलरंगाची वेलबुट्टी काढली जाते. त्या रंगाने छिद्रे बुजतात आणि माठ घामेजेनासा होतो. पाणी गार न करणारा माठ म्हणजे सूर न लागणारा तंबोरा. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे, आणि जो माठ उत्तम आहे तो उत्तम का, हेही सांगायला हवे.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. पितळ, स्टील, प्लॅस्टिक आणि शीतकपाट या सर्वांनी मिळून कुंभाराचे चाक मंद केले आहे, हे खरे. पण चांगले आणि वाईट यांतला फरक न कळणारे गिऱ्हाईकही त्याला तितकेच कारण आहे. मन लावून थापटलेल्या आणि कशातरी उरकलेल्या माठाला एकच दाम मिळत असेल, तर मन लावणाऱ्याचा मुलगा चाकावर कशाला बसेल? कलेला दाद लागते म्हणतात. कारागिरीला तर ती पोटासाठी लागते. पारखी गिऱ्हाईक ही तिची पहिली गरज आहे. चार दिवसांच्या वर्गाने कुंभार होत नसेल, पण असे गिऱ्हाईक मात्र होऊ शकते, आणि त्या वर्गांचे मोठे मोल मला यातच दिसते.

वाचकांना या परीक्षेसाठी दूर जायला नको. या दिवसांत घरोघरी पणत्या येतात. एक हातात घेऊन पाहावी. चाकावरची असेल तर तिच्या खळग्यात अंगठा फिरल्याचे वळे दिसेल, आणि उलटी केली तर बुडाशी दोऱ्याने कापल्याच्या कमानदार रेषा दिसतील. कारण कुंभार एकाच मोठ्या गोळ्याच्या टोकावर पणती काढतो, दोऱ्याने कापतो आणि लगेच पुढली काढतो. वात जिथे टेकते ती चोच त्याने बोटाच्या एका चिमटीत ओढलेली असते. ती जितकी नेमकी, तितका कुंभार जाणता. साच्यातल्या पणतीला वळे नाही, रेषा नाहीत, तिच्या अंगावर बहुधा एक शिवण असते. मग टिचकी मारावी आणि आवाज ऐकावा. शेवटी, तेल घालण्यापूर्वी आई करते तसे पणत्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात. कोरडी पणती तेल पिते. तिची छिद्रे आधी पाण्याने भरली की तेल वातीसाठी उरते. पाण्यात पडताच तिच्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येते. पणती आतून किती मोकळी आहे ते त्यावरून कळते.